तराजूला कोणी हात लावला?

सत्यजित देवस्थळीचा जगात कोणावरच भरवसा नव्हता. मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या ब्रेकची तपासणी करण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा दुकानात मिळणाऱ्या काडतुसांवर हा माणूस विश्वास ठेवतो कशाला! लांब पल्ल्याच्या नेमबाजीची काडतुसं तो गराजमध्ये स्वतः भरायचा. दारूचा कण न् कण तोलून.

त्या टेबलाशी बसायची परवानगी फक्त रुहीला होती. लेक नोकरीसाठी ग्रँड रॅपिड्सला गेल्यापासून बापलेकीचं बोलणं काय ते इथेच, शनिवारी सकाळी. हल्ली मात्र त्यातही वाद शिरला होता. सत्यजितची जुनी थ्री-ओ-एट काडतुसं, तर रुहीला हवी नव्या धाटणीची क्रीडमोर.

"बाबा, वाऱ्यात त्यांची गोळी कमी ड्रिफ्ट होते. धक्काही कमी."

"दुकानदारांनी चढवलेलं फॅड आहे ते," सत्यजित म्हणायचा. लेक आपल्याला मोडीत काढते आहे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी रविवारच्या स्पर्धेत दोघांनी आपापल्या काडतुसांनी उतरायचं ठरलं.

त्या शनिवारी त्याने तराजू पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. पारडं रिकामं, तरी काटा शून्यावर नव्हता. रुही आदल्या संध्याकाळी येऊन मुक्कामाला राहिली होती. दुसरं कोण?

ती कॉफीचा मग घेऊन आली, तसं त्याने विचारलं, "याला हात लावलास?"

"हो, काल. बाबा, ते मी—"

"माझं वजन चुकावं म्हणून? उद्या जिंकायला?"

रुहीने कॉफी खाली ठेवली, आपली काडतुसांची पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसली. त्याने अडवलं नाही. चोरी पकडल्याचं समाधानच वाटलं त्याला, खोटं कशाला बोला.

गाडीचा आवाज ऐकून त्याची बायको शरयू बाहेर आली. "गेली? काय बोललास तिला?" त्याने सांगितलं, तशी ती दारातच थबकली. "अरे, काल खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा कशी करतात, तिकडून निघायच्या आधी मला फोन करून विचारत होती. बाबाच्या काडतुसं भरायच्या मशीनला, तराजूला हळदकुंकू लावते म्हणाली. तुला सरप्राइज द्यायचं होतं तिला."

सत्यजितने पारडं उलटं केलं. खालच्या अंगाला कुंकवाचं सुकलेलं बोट होतं.

त्याने लगेच फोन लावला. चुकलो म्हणायला तोंड उघडलं आणि त्या माणसाच्या तोंडून निघालं ते हे: "खालून का लावलंस?"

"आत लावलं असतं तर पावडरमध्ये गेलं असतं ना. तूच शिकवलंस."

"चुकलं माझं, रुही. पुढच्या शनिवारी येशील ना?"

पलीकडे गाडीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती.

"आय डोन्ट नो, बाबा," ती म्हणाली. "आले तर आधी माझी बॅग चेक कर."