पोरीला एक अक्षर शिकवू नका

वकिलाच्या ऑफिसची पायरी चढणारी आमच्या घरातली पहिली बाई मीच. अप्पांचं कुरुंदवाडात किराणा दुकान, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि कोर्टाचं नाव काढलं की आमची आई, अव्वा, कानांवर हात ठेवायची. तरी नव्वदचं दशक संपत आलं असताना एका दुपारी मी शाहूपुरीतल्या त्या माडीवर गेले. खाली गुळाची अडत, वर वकील. जिन्यात असा वास की भांडायला आलेल्या माणसाचंही तोंड गोड व्हावं. माझं काही झालं नाही. मी नुसती धुमसत होते.

ऑफिसात दोन टेबलं समोरासमोर. एकावर सत्तरीचे थोरले वकील, दुसऱ्यावर वकीलबाई. नवरा-बायकोची भांडणं, घटस्फोट, पोरांचे ताबे, एवढीच कामं ते घ्यायचे. मी गेले तेव्हा दोघांचंच कडाक्याचं वाजलं होतं.

"मामा, हा मसुदा न्हाय चालायचा," बाई म्हणाल्या.

"का न्हाय? तीस वर्षं चालतोय की!"

"म्हणूनच न्हाय चालायचा."

म्हातारा फणफणला, पण कागद पुन्हा पुढ्यात ओढून वाचायला लागला. बाईंनी त्यांचा चष्मा पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं मामा-भाची असतील. कारकून म्हणाला, न्हाय वो, सासरा-सून. लग्नानंतर त्यांनीच तिला वकील केली. माझ्या सासरी, शिरोळला, मी शाळेतली नोकरी करायची की नाही हे थोरले दीर ठरवायचे आणि नवरा मान खाली घालून भाकरी मोडायचा. खोटं कशाला बोलू, त्या बाईचा मला भयंकर हेवा वाटला.

माझं प्रकरण तसं सरळ होतं. घटस्फोटाला दोन्हीकडून ना नव्हती. वाद एकच, सात वर्षांची लेक कुणाकडं राहणार. मी तिला घेऊन कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. सासरचे म्हणत होते, आमचं लेकरू आमच्या अंगणात वाढणार. ते जिंकले असते तर लेक मला पाहुणीसारखी भेटली असती. या एका भीतीनं माझं जेवण तुटलं होतं.

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, यांनी मला अकरा पानांची तक्रार लिहून दिली होती. थोरल्या वकिलांनी ती घेतली आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

"नवऱ्यानं मारलं?"

"न्हाय. पण असं लिहितात म्हणे सगळेच."

पेन्सिलीची रेघ आली. "सासूनं उपाशी ठेवलं?"

"एकदा ठेवलंवतं."

"कधी?"

मला आठवलं आणि लाज वाटली. "सोमवार होता. उपास होता."

म्हातारा इतका हसला की ठसका लागला. बाईंनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले. शेवटी अकरा पानांचं दीड पान झालं. राहिलं एवढंच, की मला नोकरी सोडायला लावत होते, नवरा महिनोन्महिने बोलत नव्हता आणि मी निघून आले.

"मग राहिलं काय?" मी चिडून विचारलं.

"राहिलंय ते टिकंल. बाकीचं समोरचा वकील पाच मिनटात फाडंल, आणि मग तुमच्या खऱ्यावरबी कुणी इस्वास ठेवायचं न्हाय," ते म्हणाले.

मला पटलं नाही. बाहेर पडल्यावर खाली थांबलेल्या अण्णांना मी म्हटलंसुद्धा, आपला वकील समोरच्यांना फितलाय की काय?

काही महिन्यांनी तारीख ठरली. जज्जसाहेब पोरीशी आपल्या चेंबरमध्ये एकटीशीच बोलणार होते. वकीलबाईंनी मला समोर बसवलं आणि बोट उगारून सांगितलं, "ताई, पोरीला एक अक्षर शिकवू नका. पढवलेलं पोर लगेच कळतं. जाईल तशी जाऊ दे, बोलंल तसं बोलू दे. मला शब्द द्या."

मी दिला की शब्द. घरी आले तर अण्णा बसलेले. "शिरोळचे काय गप बसणार हायत? तू मास्तरीण असून पोरीकडनं चार वाक्यं करून घ्यायला येत न्हाईत व्हय?" झालं, माझं डोकं फिरलं. पाठ करून घेणं हा तर माझा धंदाच.

आठ दिवस, रोज सकाळी शाळेला जाण्याआधी, तिची वेणी घालताना मी पाठ घेतला.

"काका काय करतात?"

"काका मारतात."

"आज्जी?"

"आज्जी जेवायला देत न्हाई."

"आणि तुला कुठं राहायचंय?"

"फक्त आईकडं."

चुकली की माझ्या हातानं वेणी आपोआप ओढली जायची. ती आई गं म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्यावर त्या घरात कुणी कधी हात उगारला नव्हता, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून शिकवलं. आज लिहितानाही मला माझाच राग येतो.

त्या दिवशी ती नवा फ्रॉक घालून चेंबरमध्ये गेली. दार बंद झालं. एका बाकावर मी आणि अण्णा, समोरच्या बाकावर नवरा, दीर आणि सासू. वीसेक मिनिटांनी दोन्हीकडच्या वकिलांना आत बोलावलं. आपणच आपल्या हातानं पोर घालवली, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

वकीलबाई बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडं. मला कोपऱ्यात घेतलं.

"शब्द दिलावता न्हवं?"

मी मान खाली घातली.

"आत गेली, दोन्ही हात मागं बांधून उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला राहतात तशी. आणि साहेबांना विचारते, पाठ केलेलं सांगू का खरं सांगू?"

जज्जसाहेब हसले म्हणे, आणि खरं सांग म्हणाले. मग ती सुटलीच. आज्जी दुधावरची साय मलाच देते. काका ट्रॅक्टरवर बसवतात. बाबा कुणाशीच बोलत नाहीत, पण माझी चप्पल ते शिवून आणतात. तिथं आईला कुणी हाक मारत नाही. आई रडली की मला अभ्यास येत नाही. कुठं राहणार, तर शाळा असताना आईकडं, सुट्टीत आज्जीकडं.

"त्यांचा वकील बघा," बाई म्हणाल्या.

समोरचा वकील तेच सगळं शिरोळकरांना सांगत होता. सासूनं पदर डोळ्यांना लावला होता. "साय देते म्हणाली?" एवढंच ती परत परत विचारत होती. दीर काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझा नवरा उठला. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला भावाच्या आधी बोलताना ऐकलं. "पोर म्हणती तसंच होऊ दे. सुट्टी लागली की मी स्वता न्यायला येतो," तो म्हणाला.

त्याच दिवशी तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या. शाळेचे महिने माझ्याकडं, सुट्ट्या शिरोळला. पोरीनं सांगितलं होतं ते, फक्त वकिली भाषेत.

माडीवर जाऊन मी थोरल्या वकिलांच्या पायाला हात लावला आणि चूक कबूल केली. त्यांनी पाय मागं घेतले. "आमी तुमची साडेनऊ पानं खोडली, आणि तुमी पोरीच्या तोंडात घातली व्हय! गप चहा प्या." मी चहा पीत रडले आणि रडताना हसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं. किती दिवसांनी मला भूक लागली.

थोरले वकील आता नाहीत. त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, बाईंच्या केसांत पांढरं आलं. मी अधूनमधून जाते. लेक कॉलेजात शिकते आणि सुट्टी लागली की अजून शिरोळला पळते. तो दिवस तिला फारसा आठवत नाही म्हणते.

मला मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ विसरता येत नाही. मी निवांत उठले होते. चहा झाला. लेक नेहमीसारखी फणी घेऊन माझ्यापुढं येऊन बसली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "आई, आज काय पाठ करायचं?"

माझे हात तिच्या केसांतच थांबले.

"काही न्हाई गं," मी म्हटलं. "आज नुसती वेणी."

तिनं मान थोडी सैल सोडली, आणि मी अगदी हळू विंचरायला लागले.