धनेशाची ढोली

जांबोटीजवळच्या आमच्या गावात ढोलीकडे बोट दाखवत नाहीत. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, तसंच घरट्याचंही, असं माझे वडील, आप्पा, म्हणत. बेळगावच्या कॉलेजात गेल्यावर मला त्याचं हसू येऊ लागलं.

मी पाखरांची वही लिहीत असे. धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, हे पाहिलेलं लिहून मी शास्त्राच्या सरांना दाखवलं. आमच्या घरात शिकलेलं कोणीच नव्हतं. सर शाबास म्हणाले तेव्हा मी हुरळून गेलो. सुट्टीत ते गावी आले. मी बोटानं झाड दाखवलं. त्यांच्या खांद्यावरची बंदूक मला दिसत होती, तरी मी दाखवलं. कॉलेजच्या काचेच्या कपाटासाठी त्यांनी नर मारला.

आप्पा जवळच गुरं राखत होते. ते म्हणाले, "आता आतल्या बाईला कोण भरवणार रं? तुजं मास्तर?"

लिंपण फोडावं तर आत बसल्यावर तिची पिसं झडतात, ती उडणार कशी? म्हणून आप्पांनी वेळूच्या टोकाला उंबरं बांधून फटीशी धरली. मग मीही रोज धरू लागलो. चोच बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी फटीतून मुंग्यांची रांग आत जाताना दिसली.

वही मी अजून लिहितो. पाखरू लिहितो, झाड लिहीत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "ठाऊक न्हाय."