घरचा साक्षीदार

तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजारात वच्छलाबाईंच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. वांगी दाबून दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या सरळ सुनवायच्या, "दाबाचंच असन त घरी जाऊन उशी दाब." अशी ही फटकळ बाई, पण स्वतःच्या दुखण्याबद्दल तिच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. माहेरी कण्हणाऱ्या पोरीला कामचुकार म्हणत, सासरी नखरेल म्हणत. बायकांना हे असलं वळण लावणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

एकदा बाजारातून परतताना त्यांच्या ऑटोला मागून भरधाव पिकअपनं उडवलं. उजव्या खांद्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, हाड जुळलं. आणि आता तीन वर्षांनी, अकोल्याच्या कोर्टात, भरपाईच्या दाव्यात, पिकअपच्या विमा कंपनीचे वकील तेवढंच एक वाक्य घोळवत होते. हाड जुळलं, म्हणजे दुखणं संपलं. दवाखान्याचा खर्च द्यायला कंपनीची ना नव्हती, कारण त्याच्या पावत्या होत्या. दुखण्याची पावती कोण फाडून देतं?

"म्हंजे मी खोटी?" वच्छलाबाईंनी आपल्या वकिलाला विचारलं होतं. भरपाई गेली खड्ड्यात, पण आपल्याला खोटं ठरवतात हे त्यांना झोंबलं होतं.

वकील म्हणजे रागिणी, नवीनच सनद मिळालेली हुशार पोरगी. ती म्हणाली, "काकू, घरच्या माणसाची साक्ष घेऊ. काका रोज बघतातच ना तुम्हाला."

काका म्हणजे महादेवराव, वच्छलाबाईंचे यजमान. माणूस स्वभावानं गरीब. वांग्यावरची कीड त्यांना शेताच्या धुऱ्यावरूनच, बांधावर उभं राहून दिसायची. पत्नीला किती त्रास होतो याचं प्रतिज्ञापत्र रागिणीनं तयार केलं, त्यावर त्यांनी न वाचताच सही ठोकली आणि साक्षीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले.

कंपनीचे वकील उठले ते हसतच. "महादेवराव, तुमच्या मिसेस मोठ्या खंबीर दिसतात."

झालं! महादेवरावांची छाती फुगली. "आमची वच्छला? लय खंबीर, साहेब. एवढा खांदा मोडला, पन हूं की चूं केलं नाही. दवाखान्यातून आली अन् लगेच चुलीपाशी बसली."

"घरी कण्हत नाहीत?"

"छ्या! म्या तरी कधी आयकलं नाही."

"म्हणजे दुखत नसेल."

"आता दुखलं असतं त बोलली असती ना मले."

रागिणीनं कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर बसलेल्या वच्छलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीच्या वकिलाचा काय राग धरायचा, त्याला त्याचेच पैसे मिळतात. पण हा माणूस मनापासून बोलत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

त्या ताडकन उठल्या. "काय सांगून राहिले तुमी? केसं काहून कापले म्या? मागं हात पोचत नाही म्हून कापले! तुमाले म्हनलं उवा झाल्या, तुमी म्हनलं बरं केलं. डाव्या हातानं भाकर थापून राहिली मी तवापासून. एकीकून जाड, एकीकून करपलेली. खाऊन राहिले ना रोज? कधी इचारलं?"

"बाई, खाली बसा," न्यायाधीश कडाडले. मग थोडा वेळ त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "नाही, इकडे या. जे सांगायचं ते शपथेवर सांगा."

महादेवरावांना पिंजऱ्यातून उतरवून बाजूला उभं केलं. वच्छलाबाईंनी शपथ घेतली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू. कंपनीच्या वकिलांनी त्यांना हात केसांपर्यंत नेऊन दाखवायला सांगितलं. रागाच्या भरात त्यांनी हात झटक्यात वर उचलला, आणि त्यांच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की दारातला शिपाई आत डोकावला. खांदा धरून त्या पिंजऱ्याच्या कठड्यावर वाकल्या.

"साहेब, हे सगळं नाटक आहे," वकील म्हणाले.

"नाटक नाही!" महादेवराव ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाटक करता आलं असतं, साहेब, त तिनं पहिले मलेच दाखवलं असतं ना. मी त घरातच होतो."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात महादेवराव बायकोपासून चार हात लांब, भिंतीला टेकून उभे राहिले. जवळ यायची त्यांची हिंमत होत नव्हती. रागिणी मात्र फुलून आली होती. "काकू, आता कोणी तुम्हाला खोटं म्हणू शकत नाही. काकांची साक्ष शेवटी इतकी मस्त झाली!"

वच्छलाबाईंचे डोळे अजून लाल होते. "मस्त?" त्या म्हणाल्या. "माह्या घरच्या मानसाले माहं दुखनं समजाले कोर्ट लागलं, अन् तुमी म्हन्ता मस्त?"