वसुंधरा मॅडमचा शेरा

मस्कतमधल्या बौशरच्या त्या मोकळ्या जागेवर शुक्रवारी सकाळी सहाला जी बाई गाडीच्या डिकीतून रबरी बेस काढून खडीवर मांडत असते, ती वसुंधरा भंगाळे. मैदान आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. दोन इमारतींच्या मागचा तुकडा, गवताचं नाव नाही, आणि चेंडू जमिनीला लागला की कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक भारतीय माणूस गाडीची काच खाली करून विचारणार, "क्रिकेट है क्या, मॅडम?" बारा वर्षं ती सांगत आली, सॉफ्टबॉल. बारा वर्षं तोच प्रश्न. आताशा ती "हां, क्रिकेट है" म्हणून मोकळी होते आणि मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार करते.

बाई जळगावची. राज्याच्या संघातून खेळलेली, कॅचर. म्हणजे पिचरने खालून हात फिरवून टाकलेला चेंडू फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून झेलायचा. गुडघ्यांची वाट लावणारं काम. लग्न झालं आणि नवरा प्रशांत याची नोकरी मस्कतला, अल् खुवैरच्या एका एसी बसवणाऱ्या कंपनीत, म्हणून तीही इकडे आली. इथे सॉफ्टबॉल कुणालाच माहीत नाही हे बघून दुसरी एखादी गप्प बसली असती. हिने एका भारतीय शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी धरली आणि पोरी जमवायला सुरुवात केली. चेंडू जळगावहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानातून मागवायचे, आयांच्या विनवण्या करायच्या, परीक्षा आली की निम्म्या पोरी गायब, मे महिना आला की उरलेल्या गायब. असं करत करत चौदा जणी टिकल्या. त्यातली एक तिची स्वतःची लेक, यशश्री.

यशश्री पिचर. आता हे सरळच सांगून टाकते: पोरगी विलक्षण होती. सतराव्या वर्षी चेंडू ताशी साठ मैलांच्या आसपास टाकायची, आणि तोही असा, की फलंदाजाच्या पुढ्यात येऊन वर उचलला जायचा. समोरची कॅचर सिदरा, रत्नागिरीच्या गुलबानूची मुलगी, तिचा तळहात शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लाल असायचा. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं यशश्री काय चीज आहे. बोलायचं नाही ते फक्त वसुंधराने.

सिदराने साधा चेंडू अडवला तरी वसुंधरा "शाबास गं" म्हणणार. यशश्रीने ओळीने तीन जणी बाद केल्या तरी "ठीक आहे. खांदा उघडा राहतोय." एवढंच. याला कारणं होती. एक तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणी म्हणायला नको. चौदा आयांची चौदा तोंडं. दुसरं, तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, हे ती आईच्या पोटातूनच शिकून आली होती. आणि तिसरं, जे ती कुणापाशी बोलायची नाही, ते म्हणजे दृष्ट. चांगलं बोललं की तिथेच माशी शिंकते. पोरगी लहान असताना कुणी "किती गोड" म्हणालं की ही लगेच सांगणार, "कसली गोड, रात्रभर जागवते." गुलबानूचं बरं होतं. ती "माशाल्ला" म्हणायची आणि मग सिदराचं मनसोक्त कौतुक करायची. एका शब्दाने सगळा बंदोबस्त. वसुंधराला कधीकधी त्या शब्दाचा हेवा वाटायचा.

तर, यशश्री बारावीला गेली आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचं खूळ घरात शिरलं. तिथे कॉलेजं म्हणे खेळाडू शोधत असतात. आपण आपली माहिती पाठवायची, व्हिडिओ पाठवायचे, त्यांच्या कोचला आवडलं तर संघात जागा, आणि जागा मिळाली तर फीमध्ये मोठी सवलत. ती सवलत मिळाली तरच जाणं शक्य होतं. नाहीतर पुण्याला मावशीकडे राहून इंजिनिअरिंग, आणि खेळ खलास. हे तिघांनाही स्वच्छ माहीत होतं, म्हणून कुणी त्यावर फार बोलत नसे.

वैताग म्हणजे काय ते त्या आठ महिन्यांत वसुंधराला कळलं. बेचाळीस कॉलेजांना मेल. सदतीस जणांचं उत्तर नाही. तिघांनी विचारलं, ओमानमध्ये सॉफ्टबॉल खेळतात का? एकाने लिहिलं, इथल्या शिबिराला या, बघतो. जसं काही मस्कतमधल्या मस्कतमध्ये कुरुमहून सीबला यायचंय. पहिला व्हिडिओ प्रशांतच्या ऑफिसातल्या एकाने करून दिला. त्याने त्यात सतार घातली, पोरीचा हात फिरताना सगळं संथ केलं आणि शेवटी सूर्यास्त जोडला. वसुंधराने कपाळाला हात लावला. "अहो, चेंडूचा वेग दाखवायचाय आपल्याला, आणि यांनी तोच कमी करून ठेवलाय," ती म्हणाली. प्रशांत म्हणाला, "माणसाने फुकट करून दिलंय." मग तिने स्वतः सिदराच्या मागे उकिडवं बसून, गुडघे बोंबलत असताना, फोनवर साधा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ लागू पडला.

ओहायोकडच्या एका लहान कॉलेजच्या कोचबाईंचं उत्तर आलं. त्यांच्याकडे पिचरची एकच जागा उरली होती. व्हिडिओ आवडला होता. व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं, आधी मुलीशी आणि मग तिच्या कोचशी. खेळाडूच्या कोचच्या मताला आम्ही फार महत्त्व देतो, असंही त्यांनी लिहिलं होतं.

कॉल गुरुवारी संध्याकाळी सातला ठरला. वसुंधराने सकाळी देवापुढे दिवा लावला, दुपारी पोरीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आणि घरात ताकीद दिली की ठरेपर्यंत कुठे बोलायचं नाही, गुलबानूकडेसुद्धा नाही. प्रशांतला तिने टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं बसवलं.

यशश्री छान बोलली. मराठीत अडखळणारी पोर इंग्रजीत घडाघडा बोलते, इथल्या सगळ्याच पोरांचं तसं आहे. किती चेंडू टाकतेस, दुखापत झाली का, हरल्यावर काय करतेस. कोचबाई दोनदा हसल्या. पडद्यावरच्या त्या बाईला पोरगी आवडलीय हे वसुंधराला दिसत होतं, आणि दिसलं तशी ती धास्तावली. इतकं सुरळीत काही होत नसतं.

मग कोचबाई म्हणाल्या, "आता तुमच्याशी बोलू. तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंय. तुम्ही स्वतः कॅचर होतात. मला अगदी खरं सांगा, ती कशी आहे?"

यशश्री शेजारीच बसली होती. तिनेही मान वळवून आईकडे पाहिलं.

वसुंधराला काय सांगायचं ते पुरतं माहीत होतं. वीस वर्षांत असा हात पाहिलेला नाही. राज्याच्या संघात माझ्यासमोर ज्या पिचर होत्या त्या हिच्यापुढे काहीच नाहीत. हे सगळं जिभेवर आलं, आणि तिथून परत फिरलं. समोर परकी बाई, शेजारी पोरगी, आणि आपण आपल्याच लेकीच्या आरत्या ओवाळायच्या? शोभतं का ते? ती नम्रपणे हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "ठीक आहे. अजून खूप शिकायचं आहे. फार अपेक्षा ठेवू नका, पण मेहनत करेल."

कोचबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार," त्या म्हणाल्या.

कॉल संपल्यावर वसुंधरा खूष होती, हे सांगताना माझाच जीव जळतो. तिला वाटलं, समोरच्यावर आपली छाप पडली. किती जमिनीवर पाय असलेलं घर आहे बघा, असं ती बाई म्हणत असणार. जळगावला कुणी मुलगी बघायला आलं आणि आईने म्हटलं "आमच्या मुलीला स्वयंपाकातलं फारसं येत नाही हो", तर पाहुण्यांना कळतं की पोरगी सुगरण आहे. प्रशांतही म्हणाला, "छान बोललीस. मोजकं बोललीस." दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की समोरची बाई जळगावची नाही.

अकराव्या दिवशी मेल आला. यशश्रीने शाळेतून आल्या आल्या फोन आईच्या हातात दिला आणि आपल्या खोलीत गेली. मेल सभ्य होता. तुमची मुलगी गोड आहे, व्हिडिओ उत्तम आहे. पण आम्हाला पहिल्याच वर्षी सामन्यांत उतरू शकेल अशी पिचर हवी आहे. तिची कोच, जी तिची आईही आहे, तिचंच मत असं आहे की तिला अजून खूप शिकायचं आहे आणि फार अपेक्षा ठेवू नयेत. आम्ही त्या मताचा आदर करतो. जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे.

वसुंधराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी कोचबाईंवर. अगं, डोळे आहेत ना तुला, व्हिडिओ बघितलास ना? मग प्रशांतवर, की मोजकं बोललीस म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं? मग अख्ख्या अमेरिकेवर, जिथे माणसं स्वतःची पाठ स्वतः थोपटून जगतात. स्वयंपाकघरात दोन भांडी आपटून झाली. आणि मग आग विझल्यावर जे उरलं ते तिला नको होतं. मेलमधली वाक्यं तिचीच होती. त्या बाईने एक शब्द बदलला नव्हता.

तिने गुलबानूला फोन केला. गुलबानूने सगळं ऐकून घेतलं.

"तू असं बोललीस? खरंच असं बोललीस?" ती म्हणाली. "अगो, माझ्या सिदराचा हात सुजतो हिच्या बॉलने. तू तिला एवढंच सांगायचं होतंस. बोलणाऱ्याची माती खपते बाय, आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"आपल्याच मुलीचं कसं सांगायचं गं?"

"ती तुला आई म्हणून विचारत होती का?"

वसुंधराने फोन ठेवला आणि लगेच कोचबाईंना मेल लिहायला बसली. दोन तास लागले. आमच्याकडे आई आपल्या मुलीचं कौतुक करत नाही, ही रीत आहे, मी जे बोलले ते मत नव्हतं, असं तिने लिहिलं. आणि मग पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदा, तिने पोरीबद्दल जे खरं होतं ते सगळं लिहून काढलं. वर जाणारा चेंडू, मनगट, डोकं थंड ठेवणं, सगळं. पाठवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, मला फार वाईट वाटतं. पण त्या दुसऱ्या मुलीने सही केली आहे. आता या वर्षी आमच्याकडे जागा नाही, आणि एव्हाना बहुतेक कॉलेजांचे संघ भरलेले असतात.

म्हणजे संपलं. बेचाळीस मेल, आठ महिने, खडीवरचे ते सगळे शुक्रवार, आणि घोडं अडलं ते कुठे, तर आईच्या तोंडापाशी. प्रशांत संध्याकाळी घरी आला, त्याने उत्तर वाचलं, बायकोकडे पाहिलं आणि पुण्याच्या मावशीला फोन करायला बाल्कनीत गेला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती यशश्रीच्या खोलीत गेली. पोरगी पलंगावर फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली होती. वसुंधराने ठरवलं होतं की माफी मागायची, पोरगी ओरडेल ते ऐकून घ्यायचं. ती ओरडायला हवीच होती.

"यशू, माझ्यामुळे गेलं गं तुझं," ती म्हणाली. "रागव माझ्यावर."

यशश्रीने पुस्तकातून वर पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता. "रागवू कशाला, आई? तू लाय तर नाही ना केलंस. तिने ऑनेस्ट विचारलं, तू ऑनेस्ट सांगितलंस."

वसुंधराला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"मला माहितीये मी ओके आहे," यशश्री शांतपणे म्हणाली. "इथे दुसरं कोणी खेळत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं मी खूप भारी. पण तू तर रिअल प्लेअर्स बघितलेत. तू लहानपणापासून तेच सांगतेस ना. आय नो."

"नाही यशू. ऐक माझं. तू फार चांगली खेळतेस. माझ्या वेळच्या एकीलाही तुझ्यासारखं टाकता येत नव्हतं. मी वीस वर्षांत असा हात पाहिला नाही."

यशश्री थोडं हसली, आणि जवळ सरकून तिने आईच्या हातावर हात ठेवला, लहान मुलाची समजूत काढावी तसा.

"राहू दे ना, आई," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून असं नको बोलू. मी ठीक आहे."

आणि तिने पुस्तक पुन्हा मांडीवर ओढलं.