जिन्याच्या भिंतीवरचे आकडे

फोन आला तेव्हा मी धरणगावच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पाच एचपीच्या मोटरचे किलोवॅट सांगत होतो. ‘पावणेचार धरा,’ म्हणालो आणि मोबाइलवर अक्काचं नाव दिसलं. ‘बापू, हे गेले रे...’ एवढंच ती बोलली. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? भाऊजी इथे असते तर ओरडले असते, ‘पावणेचार कसे? तीन दशांश सात तीन!’ माणूस गेल्याची बातमी कानात होती आणि मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. खरं सांगतो, दीड महिना झाला, अजून चिडलेलोच आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याच्या एका तंत्रशाळेत ते वीज शिकवायचे आणि माझं दुर्दैव असं की, मी त्यांचाच विद्यार्थी. एका परीक्षेत तीन एचपीचं उत्तर मी २२३८ असं बरोबर काढलं, पण पुढे ‘वॉट’ लिहायचं राहिलं. मिळाला शून्य. घरी अक्कानं माझी बाजू घेतली तर म्हणाले, ‘दोन हजार दोनशे अडतीस काय? वॉट, का वांगी? एकक लिहीत नाही तो माणूस काहीतरी लपवतो.’ हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकवलं असेल. निवृत्तीनंतर ते दोघं जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले. खाली भाडेकरू, वर हे. मग दर आठवड्याला बस पकडून माझ्या दुकानात हजर. कुणी शेतकरी यायचा, विचारायचा, ‘भाऊ, पाचनी मोटर शे का?’ मी काही बोलायच्या आत भाऊजी सरसावायचे, ‘पाच काय? एचपी, का किलोवॅट?’ एकदा एक जुनी परदेशी मोटर दुरुस्तीला आली, तर तिच्यावरचा घोडा, म्हणजे एचपी, सातशे पस्तीस वॉटचा आणि आपला सातशे सेहेचाळीसचा, हे त्यांनी त्या गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावलं. तो बिचारा मोटर उचलून शेजारच्या दुकानात गेला. मी दातओठ खात बसलो आणि भाऊजी शांतपणे म्हणाले, ‘अकरा वॉटचा फरक त्याला आता कळला ना?’

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जपायला सांगितलं, तर यांनी नवाच उद्योग काढला. सकाळी दूध घेऊन जिना चढायचा, घड्याळात सेकंद मोजायचे, वजन गुणिले जिन्याची उंची भागिले वेळ, असा हिशेब करून आज आपली शक्ती किती भरली ते पेन्सिलीनं जिन्याच्या भिंतीवर लिहायचं. अक्का स्वयंपाकघरातून विचारायची, ‘आज किती?’ हे आकडा सांगायचे, ती ‘बरं’ म्हणायची, मग चहा. सगळी भिंत बरबटली होती. जाता-येता मी कुरकुरायचो, एकदा रंगाचा डबासुद्धा घेऊन गेलो. ‘भिंतीला हात लावशील तर याद राख,’ असं म्हणून त्यांनी मला तो डबा परत न्यायला लावला. वर्षानुवर्षं त्या जिन्यानं चढलो-उतरलो, पण एकदाही थांबून ती भिंत वाचली नाही.

तेराव्याला माणसं येत होती. अक्का प्रत्येकाला सांगत होती, ‘शेवटपर्यंत हजारांत होता हो त्यांचा आकडा.’ मी गर्दीला कंटाळून जिन्यात बसलो आणि प्रथमच भिंत नीट पाहिली. सगळ्यात वर, ०.४३ एचपी. त्याखाली बरेच दिवस तसेच. मग एकदम १५०, १४६, वॉटमध्ये. आणि शेवटच्या काही महिन्यांत ४४००, ३९००, ३३००... पुढे काहीच नाही. एकक नाही! मोबाइल काढून हिशेब करत बसलो, जुळेना. मग आठवलं, फूट-पाउंड दर मिनिटाला. आता कुणीही वापरत नाही असलं एकक, पण त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलेलं, एका घोड्यात तेहतीस हजार. म्हणजे तो शेवटचा ३३०० म्हणजे घोड्याचा दहावा हिस्सा. माणूस जवळजवळ अर्ध्या घोड्यावरून इथवर खाली उतरला होता आणि एकक बदलत आकडा मात्र अक्कासाठी मोठा ठेवला होता. मला इतका संताप आला की, भिंतीवर मूठ आपटली. हे सगळं वाचता येणारा घरात मी एकटा होतो, आणि मी रंगाचा डबा घेऊन आलो होतो!

अक्का आवाज ऐकून बाहेर आली. तिला सांगावं की नाही, कळेना. भिंतीकडे बोट करून नुसतं म्हणालो, ‘अक्का, हे आकडे...’ ती माझ्याहून दोन पायऱ्या वर बसली. मास्तरांच्या घरात इतकी वर्षं काढूनही मनातलं बोलायचं झालं की ती माहेरच्या अहिराणीवरच येते.

‘माले आकडा समजत नहीत, बापू. पन पाय समजतस ना! रोज सातवी पायरीवर थांबेत ते. मी चहा उतारीसन वाट देखू.’

‘मग लोकांना आकडा हजारांत होता म्हणून का सांगतेस?’

‘त्यासनी माले जे सांगं, तेच मी सांगस.’

मी खिशातली पेन्सिल काढली. ३३०० च्या पुढे जागा मोकळी होती. भाऊजी, तुम्ही एकक लिहिलं असतं ना, तर मी तुम्हाला त्याच दिवशी उचलून दवाखान्यात नेलं असतं... ते तुम्हालाही ठाऊक होतं. पेन्सिल टेकवली, तेवढ्यात वरून अक्का म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे.’ मी पेन्सिल खिशात ठेवली. ती जागा अजून तशीच मोकळी आहे.