ठासणी सरांची टाचण वही

ही हकिगत मी आजवर टाळली. शाळेच्या मेळाव्यात ठासणी सरांचा विषय निघाला की मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या घोळक्याकडे सरकायचो. माजी विद्यार्थी त्यांच्या नकला करायचे, पोट धरून हसायचे, आणि मग कुणीतरी विचारायचंच, "मोठे सर, ते अचानक नामपूरला का हो गेले?" मी म्हणायचो, "संस्थेच्या बदल्या. त्यांना काय कारण लागतं?" ऐंशी उलटल्यावर हे वाक्य माझ्याच्याने म्हणवत नाही.

ठासणी सर म्हणजे आमच्या पंचवटीतल्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक. नाव मुलांनी ठेवलेलं आणि त्याला कारण होतं त्यांची छत्री. लांब दांड्याची, काळी, उन्हाळ्यातही हातात. सातवीच्या वर्गात शिवकाळ सुरू झाला की ती छत्री बंदूक व्हायची. मूठ खांद्याला, टोक पुढे. दुसऱ्या हातात लाकडी फूटपट्टी, तो गज. "आधी दारू. मग गोळी. मग चिंधी. आता गज घाला आणि ठासा. ठासा! जेवण झालं नाही का सकाळी?" सगळा वर्ग बाकांवर मुठी आपटत ठासायचा आणि खालच्या मजल्यावर माझ्या टेबलावरचा पेला हलायचा. मी गणिताचा माणूस, तेव्हा नुकताच मुख्याध्यापक झालेला. पहिल्यांदा मी धावत वर गेलो होतो, मारामारी चालली आहे असं समजून.

तोड्याची बंदूक कशी उडते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती सारखी धुमसत ठेवायची. नळीला बाजूने एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानापाशी छोटी वाटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, ती रंजक. चाप ओढला की जळता तोडा रंजकावर टेकतो, आग कानातून आत जाते आणि बार उडतो. सर तोड्याऐवजी उदबत्ती लावायचे. पंचवटीत उदबत्तीला काय तोटा! त्यांचा तास असला की मजलाभर केवड्याचा वास सुटायचा आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणायच्या, "आज काय, सत्यनारायण का?"

एकदा त्यांनी मुलांना मैदानावर नेलं. एका मुलीच्या हातात छत्री दिली आणि चार पोरांना पार कुंपणापाशी घोडेस्वार म्हणून उभं केलं. शिट्टी वाजताच पोरं धावत सुटली. मुलीने दारू घातली, गोळी घातली, ठासलं, रंजक भरली आणि तोडा लावेपर्यंत घोडेस्वार तिच्या वेण्यांपर्यंत पोचले. "मेलीस," सर शांतपणे म्हणाले. "आता सांग, बंदूक आली तरी तलवार का नाही गेली?" त्या मुलीने दिलेलं उत्तर पुस्तकात नव्हतं. ती म्हणाली, "सर, माझ्यापुढे कुणीतरी तलवार घेऊन उभं पाहिजे होतं." सर इतके खूश झाले की तिला उरलेला दिवस छत्री वापरायला दिली. ऊन होतं म्हणा.

त्यांचं एक वाक्य मी पुढे गणितातही वापरलं. "आधी हाताला कळू द्या. डोकं आपसूक मागून येतं." दुसरं वाक्य पावसाचं. "लढाईची तारीख पाठ केलीत, छान. त्या दिवशी पाऊस होता का ते बघा. तोडा विझला की शिपाई नुसता काठीवाला." परीक्षेत एका पोराने पराभवाच्या कारणांत पहिलं कारण 'पाऊस' लिहिलं आणि बाहेरच्या परीक्षकाने शून्य दिलं. सर त्या शून्यासाठी महिनाभर पत्रव्यवहार करत होते. मी म्हटलं, "अहो, एका गुणाने काय होणार?" ते म्हणाले, "मोठे सर, त्या पोराने विचार केला होता. विचार केल्याबद्दल शून्य मिळतं हे त्याला आत्ताच कळायला नको."

सर मूळचे सायखेड्याचे. नाशकात खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी घरी जायचे. मधल्या सुट्टीत आमचा चहा एकत्र व्हायचा. अशाच एका सुट्टीत ते म्हणाले, "शुक्रवारी खरी वस्तू आणतोय. पेठकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी सापडली. ठासणीच्या बंदुकीची नळी. दस्ता नाही, चाप नाही, नुसती नळी. आजोबांच्या वेळची." मी सहामाहीचं वेळापत्रक लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "आणा, आणा." ते म्हणाले, "टाचणात लिहितो." मी म्हणालो, "लिहा."

टाचण वही म्हणजे पुढच्या आठवड्यात काय शिकवणार आणि कोणतं साहित्य वापरणार हे शिक्षकाने लिहायची वही. शनिवारी तीस-पस्तीस वह्या माझ्या टेबलावर यायच्या आणि मी सह्या करायचो. वाचायचो नाही. कुठलाच मुख्याध्यापक वाचत नाही. उघडायची, तळाशी सही, मिटायची. ठासणी सरांच्या वहीतही सही केली.

त्या शुक्रवारी मी दारातून पाहिलं. नळी टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेली. गंजून तांबडी झालेली, आणि आत कुंभारमाशीने मातीचं घर करून ती पुरती बुजवलेली. मुलं रांगेने येऊन नळीच्या कानावर बोट ठेवत होती. एका मुलाने विचारलं, "सर, हिनं माणूस मेला असेल का?" सर म्हणाले, "हेच तुम्ही विचारावं म्हणून आणली." मी हसून पुढे निघून गेलो.

शनिवारी सकाळी एका मुलाचे वडील आले, सोबत पोलीस हवालदार. मुलाने घरी सांगितलं होतं, सरांनी बंदूक आणली. हवालदाराने नळी उचलून उजेडात धरली. सर म्हणाले, "बघा, आरपार दिसतसुद्धा नाही. माशीचं घर आहे आत."

"मास्तर, माशीचं मला नका सांगू. नळी हाय ना? मग झालं. लायसन हाय का?"

"अहो, ही म्हातारी मेलेली आहे."

"मेलेल्याचा पन पंचनामा करावा लागतो," हवालदार म्हणाला. त्याला स्वतःलाच हसू आलं होतं. मला वाटलं, मिटलं आता.

मिटलं नाही. दुपारी संस्थेचे सचिव आले. दार लावून घेतलं. खोलीत सचिव, हवालदार, ठासणी सर आणि मी. सचिवांनी आधी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

मला निवृत्तीला चौदा महिने होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं. हवालदाराची टोपी टेबलावर माझ्या बाजूला ठेवलेली होती, मी तिच्याकडे बघत होतो आणि तोंडातून "नाही" निघून गेलं. शाळेत पोरं जसं फुटलेल्या काचेबद्दल "मी नाही" म्हणतात, तसं.

सर माझ्याकडे न बघता सचिवांना म्हणाले, "साहेब, टाचणात लिहिलंय. शैक्षणिक साहित्य, जुनी नळी, निकामी. सरांची सही आहे. कामाच्या गडबडीत त्यांच्या लक्षात नसेल." म्हणजे माझ्या खोट्यालाही त्यांनी वाट करून दिली होती. मी नुसतं "हो, सही केली असेन, वाचलं नव्हतं" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. फार तर मला समज मिळाली असती.

"वही आणा," सचिव म्हणाले.

वही माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात होती. किल्ली माझ्या खिशात. मी म्हणालो, "त्यांची वही त्या आठवड्यात माझ्याकडे आलीच नव्हती."

तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उत्तर चुकलेल्या मुलाकडे ते जसं बघत, त्याला पुन्हा विचार करायला वेळ देत, तसं पाहिलं. त्यांनी पुरेसा वेळ दिला. मला अजून कळत नाही की मी तेव्हा उठलो का नाही. कपाट दोन पावलांवर होतं. पाय होते. मग ते सचिवांकडे वळून म्हणाले, "राहिली असेल द्यायची. माझ्या हातून होतं असं."

पोलीस केस झाली नाही, ते सचिवांनी बघितलं. नळी जप्त झाली. सरांना ज्ञापन मिळालं, वेतनवाढ थांबली आणि पंधरा दिवसांत नामपूरच्या शाखेत बदली झाली. जाताना ते ऑफिसात आले. मी काहीतरी कागद चाळत होतो. "येतो, मोठे सर. सातवी ब ला तो पावसाचा धडा राहिलाय. जो कुणी येईल त्याला सांगा, उदबत्ती कपाटात आहे." मी "हो" म्हणालो. जो शिक्षक आला त्याला मी काहीही सांगितलं नाही.

नामपूरला त्यांना इतिहास द्यायचा नाही असं तोंडी सांगितलेलं होतं. भूगोल आणि कार्यानुभव दिला. सहा महिन्यांनी शिक्षकच नव्हता म्हणून इतिहास पुन्हा त्यांच्याकडे आला. तिथल्या एका शिक्षकाची एका प्रशिक्षणात गाठ पडली तेव्हा मी विचारलं, आमचे ठासणी सर कसे आहेत? त्याला हे नाव माहीतच नव्हतं. मी समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "हां, ते व्हय. गरीब माणूस. खुर्चीत बसतात, धडा वाचतात, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देतात. एकदा एक पोरगं पुस्तकातल्या बंदुकीच्या चित्रावर बोट ठेवून विचारत होतं, 'सर, हाई काय शे?' तर म्हणाले, 'चित्र आहे. पुढं वाच.'"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

निवृत्त होताना मी पदभार दिला, तेव्हा कपाट रिकामं केलं. ती वही मी हातात घेतली. ओळ तिथेच होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, आणि खाली माझी सही. अजूनही ती संस्थेकडे नेता आली असती. मी ती जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात घातली आणि गठ्ठा रद्दीवाल्याला दिला.

पुढे सरही निवृत्त होऊन सायखेड्याला आले. मी एके दिवशी धीर करून गेलो. बसमध्ये बसून एक वाक्य तयार केलं होतं, "सर, वही माझ्याकडे होती आणि मी खोटं बोललो." गणिताच्या माणसाला लांब बोलता येत नाही. सर ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला बघून उभे राहिले, हात पुसले आणि आत ओरडले, "अगं, मोठे सर आलेत!"

वहिनी पदर सावरत बाहेर आल्या आणि मला कळायच्या आत माझ्या पाया पडल्या. "मोठे सर, तुमचे उपकार नाय विसरायचो आम्ही. सगळी शाळा उलटली, तुम्ही एकटे यांच्या बाजूनं उभे राहिले. हे लय सांगतात. नायतर पोलीसच घेऊन गेले असते यांना."

मी सरांकडे बघितलं. ते लसणाची सालं गोळा करत होते. खाली बघूनच म्हणाले, "बसा, बसा. जेवल्याशिवाय सोडायची नाही ती तुम्हाला."

त्यांनी घरी असं का सांगितलं असेल? बायकोला वाटू नये की आपला नवरा शाळेत अगदी एकटा पडला, म्हणून? की त्यांना स्वतःलाच तसं घडायला हवं होतं? मी विचारू शकलो नाही. बाजरीची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. वहिनी वाढत होत्या आणि माझ्याबद्दल चांगलं बोलत होत्या. मी माफी मागितली असती तर त्यांच्या घरात उरलेली ती एवढी एक गोष्टसुद्धा मी मोडली असती. हे खरं आहे, आणि हेही खरं आहे की ते कारण मला सोयीचं होतं. कारण नंतर सर मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले तेव्हा वहिनी सोबत नव्हत्या. अर्धा तास बस आली नाही. आम्ही कांद्याच्या रोपांबद्दल बोललो, गोदावरीच्या पाण्याबद्दल बोललो. दोनदा मी "सर," म्हणालो. दोन्ही वेळा ते "हं?" म्हणून थांबले. आणि दोन्ही वेळा मी बस कितीला येते ते विचारलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले असं फोनवर कळलं.

दहाव्याला मी सायखेड्याला गेलो. घाटावर सतरंज्या अंथरलेल्या, माईक लावलेला. आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. बायकांच्या बाजूला वहिनी बसल्या होत्या, त्यांनी कुणाच्या तरी कानात सांगितलं आणि निवेदकाने पुकारलं, "सरांच्या पडत्या काळात जे खंबीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, ते मोठे सर आता दोन शब्द बोलतील."

मी उठलो. माईक हातात घेतला. समोर दीडशे माणसं होती, त्यात नाशकाहून आलेले वीस-पंचवीस जुने विद्यार्थी. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. वाक्य तयारच होतं, इतकी वर्षं ते रोज मनात म्हणत आलो होतो. आता त्या वहिनीही गेल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या दहाव्यालाही मी त्याच घाटावर बसलो होतो, आणि म्हणून आज हे लिहितो आहे. पण ते वाक्य ज्याला सांगायचं होतं तो माणूस आणि ज्या दिवशी सांगायचं होतं तो दिवस, दोन्ही तेव्हाच संपले.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सर अत्यंत मनमिळाऊ आणि शिस्तप्रिय होते. त्यांच्या जाण्याने शिक्षणक्षेत्राची मोठी हानी झाली आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो."

आणि खाली बसलो.