पदर खोचावा, वजन पुन्हा तपासावे

माझे बाबा चेकर होते. हे वाक्य मी बंगळूरच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत बोलले आणि पस्तावले. वर्गातल्या समस्त मुलींच्या डोळ्यांसमोर बसमधला तिकीट तपासणारा उभा राहिला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘तिकीट प्लीज’ म्हणून ओरडलं. खरं म्हणजे बाबा विमानांचे भाग बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात होते. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. पण एवढं समजावून सांगायला लागणारं इंग्रजी माझ्यापाशी नव्हतं. वर्षाच्या मध्येच पुण्याहून उचलून आणलेली अकरा वर्षांची मुलगी मी. ‘मे आय गो आउट’ एवढ्या भांडवलावर दिवस काढत होते.

दोन महिने बाकावर माझ्याशेजारी माझं दप्तर बसायचं. मग एक दिवस दंडूत, म्हणजे कँटोनमेंटात राहणाऱ्या एका अँग्लो-इंडियन मुलीनं ते दप्तर उचलून खाली ठेवलं आणि ती तिथं बसली. तिनं विचारलं, “तुझ्या वडिलांना बसमधून फुकट फिरायला मिळतं का?” मी लगेच हो म्हटलं. खोटं होतं, पण शेजारी माणूस बसणार असेल तर मी बाबांना विमानातूनही फुकट फिरवलं असतं.

एका शुक्रवारी तिनं मला एक कॉमिक दिलं. तिचा मामा बोटीवर नोकरीला होता, तो असलं काहीबाही आणायचा. “सोमवारी परत पाहिजे,” ती म्हणाली. “डाग नको, दुमड नको. माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी हे दिलेलं नाही. काही झालं तर मी पुन्हा माझ्या जुन्या बाकावर.” ती हसत नव्हती. मी भूगोलाच्या नकाशाच्या वहीत ते अलगद सरकवलं आणि बसमध्ये सबंध रस्ताभर वही छातीशी धरून बसले.

त्या अंकातली बाई दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करायची आणि संकट आलं की जोडायचे फोन तसेच लोंबकळत ठेवून पळायची. कोठीच्या खोलीत कपडे बदलायचे आणि खिडकीतून थेट आकाशात. अंगात घट्ट निळं काहीतरी, मांड्या उघड्या, पायांत गुडघ्यापर्यंत बूट आणि पाठीवर लांबलचक लाल कापड. बेडकासारख्या तोंडाचा एक शास्त्रज्ञ शहरातल्या सगळ्या पुलांना काडेपेटीएवढं करून खिशात घालत सुटला होता. पुलावरून पडणारी एक अख्खी बस बाईनं एका हातानं झेलली होती, आणि दुसरा हात केस सारखे करायला मोकळा ठेवला होता. मी शनिवारी दुपारपर्यंत ते चार वेळा वाचलं. मला त्यातलं निम्मं इंग्रजी कळलं आणि सगळं पटलं.

आई तांदूळ निवडत होती. ती सूप घेऊन माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. आई धारवाडची, अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणारी आणि दोन्हींत स्पष्टवक्ती.

“स्वल्प दाखव बघू,” ती म्हणाली आणि बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली. “हिची साडी कुठाय गं?”

“ती साडी नाही नेसत.”

“मग पदर कशाला घेतलाय?” तिनं त्या लाल कापडावर बोट ठेवलं. “सगळी साडी विसरली आणि पदर तेवढा आठवणीनं घेऊन आली. चिकपेटेतला साडीवालासुद्धा नुसता पदर फाडून देत नाही.” मग तिनं विचारलं, की बाई ड्यूटी सोडून जाते तेव्हा फोन कोण जोडतं, आणि बदललेले कपडे परत घडी करून ठेवते की तिथंच टाकते. आईनं मान हलवली. बाई तिच्या नजरेतून उतरली ती पुलांमुळे नव्हे, कपड्यांच्या त्या ढिगामुळे.

रविवारी ते बाबांच्या हाती लागलं. मी आंघोळीला गेले होते आणि वही जाजमावर राहिली होती. बाहेर येऊन पाहते तो बाबा खुर्चीत, कॉमिक मांडीवर आणि हातात लाल पेन्सिल. बाबांना लाल पेन्सिलीशिवाय काही वाचताच यायचं नाही. आलेल्या लग्नपत्रिका ते तपासायचे आणि एकदा तर तिथी-वाराचा मेळ बसत नाही म्हणून एक पत्रिका दुरुस्त करून यजमानांना परत पाठवली होती. त्या घरून आम्हाला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही, ते सोडा.

मला वाटलं आता रागावणार. तेही सोसलं असतं. बाबा म्हणाले, “ही वळली कशी?”

“कोण?”

“ही. या चौकटीत डावीकडे चाललीय, पुढच्या चौकटीत उजवीकडे. मागे शेपूट नाही, पंख नाहीत. वळायला काहीतरी लागतं ना?”

“बाबा, ती मनानं उडते. ते माझं नाहीये, त्यावर काही लिहू नका!”

“पेन्सिलच आहे,” बाबा म्हणाले. लाल पेन्सिल खोडताना कशी पसरते हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी शाळेत वही उघडली तर आत नकाशेच. बाबा कॉमिक जेवणाच्या डब्याबरोबर ऑफिसला घेऊन गेले होते. मी मैत्रिणीला सांगितलं, विसरले. मंगळवारीही विसरले. मंगळवारी संध्याकाळी बाबांनी आनंदाची बातमी आणली, की बस एका हातावर तोलली तर मधोमध मोडेल की नाही यावरून दोन साहेबांचं वाजलंय, त्यामुळे पुस्तक सध्या त्यांच्या विभागात आहे. बुधवारी ते हवेचा अभ्यास करणाऱ्या विभागात गेलं. मी रडकुंडीला आले. “बाबा, ते मला परत द्यायचंय!” “मिळेल की,” बाबा म्हणाले, “सह्या होऊ देत.” देशाची विमानं त्या आठवड्यात कोण पाहत होतं, देव जाणे.

गुरुवारी मैत्रीण म्हणाली, “उद्या शेवटचा दिवस,” आणि सगळा दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डबा खाताना तिनं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला, की घरी जाऊन मी टेबलावरच्या त्यांच्या पेन्सिलींची टोकं मोडली. तिन्ही पेन्सिलींची.

संध्याकाळी बाबा कॉमिक घेऊन आले. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात, बाईच्या बुटाशेजारी, जांभळा शिक्का आणि एक लांबलचक नंबर. खाली ‘तपासले’ आणि सही. आत प्रत्येक पानावर लाल, हिरवं, निळं लिखाण. आईनं डाळीवर झाकण ठेवलं आणि ती ऐकायला आली. बाबा इंग्रजीतला एकेक शेरा मराठीत वाचून दाखवू लागले, कौतुकानं.

“खाली उतरण्याची सोय दिसत नाही. उंच टाचेच्या बुटांवर उतरल्यास घोटा जाईल. बस एकाच ठिकाणी उचलली आहे. मध्ये मोडून उतारू सांडतील. वळण्याचे साधन आढळले नाही.” याखाली कुणीतरी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, “केसांनी वळत असावी.” त्याखाली निळ्या शाईत, “पुरावा द्या.” बाईचं वजन बुटांसकट एकशे साठ पौंड धरून बाबांनी अख्खं पान भरून गणित केलं होतं. उत्तराखाली दोन रेघा: उडू शकत नाही.

“आणि हे मुख्य,” बाबा म्हणाले. “पाठीवरील कापड. प्रयोजन समजत नाही. हवेचा विरोध फार वाढतो. काढावे.”

“काढावे?” आई उसळली. “आधीच अंगावर काही नाही, आणि आहे तेही काढायला सांगता! किती जणांनी सह्या केल्यात यावर?”

“सहा.”

“सहाही जण घरी आई-बहिणी असलेलेच ना? अहो, पदर आहे तो. बाई कामाला लागली की पदर खोचते. इतकं साधं. तिला म्हणावं, उडण्याआधी कमरेला खोच आणि मग काय बसगाड्या उचलायच्या त्या उचल.”

बाबांनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग टेबलावरची पेन्सिल उचलली, तिचं टोक मोडलेलं पाहून जराही न रागावता पुन्हा तासली आणि ‘काढावे’ खोडून वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘कमरेला खोचावे.’ खोडल्यावर लाल रंग बाईच्या पाठभर पसरला. सहा इंजिनियरांना आठवडाभर जे सुचलं नाही ते आईनं डाळ शिजेपर्यंत सोडवलं होतं, पण मला त्याचं काय? माझं दप्तर उद्यापासून पुन्हा बाकावर बसणार होतं.

शुक्रवारी मी कॉमिक तिच्यासमोर ठेवलं आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, की मी अत्यंत दिलगीर आहे आणि माझे वडील बसचे चेकर नाहीत. तिनं पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिचे कान लाल होत गेले. गणिताच्या पानावर ती थांबली.

“एकशे साठ पौंड?” ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

“एकशे साठ? हिला? तुझ्या वडिलांना डोळे आहेत का? ही कंबर बघ!” शिक्क्याबद्दल, लाल डागांबद्दल, घोट्याबद्दल तिचं काहीच म्हणणं नव्हतं. वजनाबद्दल होतं. शिवणाच्या तासाला रुमालाची किनार सोडून तिनं टेबलाखाली वहीचं पान फाडलं आणि बाबांना पत्र लिहिलं. घडी न घालता माझ्या हातात दिलं. “हे आजच्या आज पोचलं पाहिजे,” ती म्हणाली आणि शेजारीच बसून राहिली. शाळा सुटेपर्यंत.

बसमध्ये मी ते वाचलं. ‘प्रिय महोदय, आपण वजनात गंभीर चूक केली आहे. ती एकशे दहा पौंडांहून एक औंसही जास्त नाही. कृपया गणित पुन्हा करावे. आपली विश्वासू.’ खाली तिचं नाव. आणि नावाखाली, माझ्या वडिलांना आपण कोण हे कळावं म्हणून, एक ओळ: ‘आपल्या मुलीची मैत्रीण.’

ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. बंगळूरला आल्यापासून तो शब्द माझ्यासाठी कुणी वापरला नव्हता. मीच मनातल्या मनात तिला मैत्रीण म्हणत होते. ती मला काय म्हणते हे विचारायची हिंमत नव्हती. कंडक्टर दोनदा “पाप्पा, इळी, इळी”, बाळ, उतर, उतर, म्हणाला तेव्हा कुठं मला उतरायचं भान आलं.

बाबांनी पत्र वाचलं, ‘गंभीर’ या शब्दाचं स्पेलिंग सुधारलं आणि गंभीरपणे म्हणाले, “मुद्दा रास्त आहे.” शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असायचं. दुपारी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की वजन एकशे दहा धरून गणित पुन्हा केलं. बाई तरीही उडत नाही, पण थोडक्यात राहते.

“पत्र कुठाय?” मी विचारलं.

“फाईलला लागलं.”

“मला ते हवंय.”

“अगं, नंबर पडला त्यावर. आता ऑफिसबाहेर येत नाही.”

मी भोकाड पसरलं. अकरा वर्षांची घोडी, पण खरंच भोकाड. बाबा घाबरले. “अगं, केलं ना वजन कमी! पन्नास पौंड उतरवले तिचे, आता आणखी किती उतरवू?”

“तिला वजनाचं काही नाही हो,” आई आतून म्हणाली. तिनं सकाळी पत्र वाचलं होतं. “सगळ्यात खालची ओळ बघितलीत का?”

बाबा विचारात पडले. ते खरोखर आठवत होते. “बघितली,” ते म्हणाले. “तिच्यात काही चूक नव्हती. म्हणून लक्षात राहिली नाही.”

सोमवारी ते एक लांब खाकी पाकीट घेऊन आले आणि ते माझ्या हातात देऊन बूट काढायला बसले. ऑफिसच्या टायपिस्टकडून त्यांनी पत्राची नक्कल करून आणली होती. प्रिय महोदय, एकशे दहा पौंड, सगळं जसंच्या तसं. शेवटच्या ओळीखाली, ‘आपल्या मुलीची मैत्रीण’ या शब्दांखाली, बाबांनी लाल पेन्सिलीनं लिहून सही केली होती: ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिले. बरोबर आहे.’